समुद्राकाठच्या गरम झऱ्यांच्या टूरला निघण्याआधी वाचा (विशेषतः काकू लोकांनी)

नमस्कार मंडळी. जपानच्या बेटांवर, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर किंवा ग्रीसच्या सॅन्टोरिनीला आपले ग्रुप जातात तेव्हा दरवेळी तेच प्रश्न येतात: हॉटेलातून अंधारात काहून काढता, पाणी असं गंजल्यासारखं काहून, अन् हा सडक्या अंड्याचा वास कुठून येऊन राहिला. म्हणून एकदाचं लिहूनच देतो.

हे पाणी बऱ्याच ठिकाणी समुद्राचंच असतं. ज्वालामुखीचा खडक भेगाळलेला असतो, समुद्राचं पाणी त्यात खोल मुरतं, तापलं की हलकं होऊन वर येतं, वाटेत पावसाचं गोडं पाणीही मिसळतं. पण वर येईपर्यंत ते पार बदललेलं असतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं मॅग्नेशियम १.३ ग्रॅमच्या आसपास. बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा तो काळा दगड (आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला म्हणून आपल्याला फक्त उन्हाळाच आहे), तर असा गरम बेसॉल्ट पाण्यातलं मॅग्नेशियम ओढून घेतो, त्याची चिकणमातीसारखी खनिजं होतात, अन् पाण्यात कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका (वाळूत असते ती) उतरतात. सल्फेटची तर वेगळीच गंमत आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते नं, कॅल्शियम सल्फेटचं नेमकं उलटं, त्यामुळे १५० अंशांच्या वर गेलं की ते खालीच भेगांमध्ये जमून बसतं. म्हणून लॅबवाले झऱ्याच्या पाण्यात आधी मॅग्नेशियम पाहतात: कमी असलं तर पाणी खोलातून आलं, जास्त असलं तर वरच्या वर समुद्र मिसळलाय.

आइसलँडचं ब्लू लगून विचाराल तर तो नैसर्गिक झरा नाहीच, स्वार्टसेंगीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं पाणी आहे ते, अन् त्यात समुद्राचा वाटा दोन तृतीयांशच्या आसपास. थंड होताना सिलिका बाहेर पडते, तिच्या बारीक कणांमुळे पाणी दुधाळ निळं दिसतं. केस मात्र वाळल्यावर झाडूसारखे कडक होतात, कंडिशनर चोपडून अंबाडा बांधूनच उतरा.

लाल पाणी म्हणजे लोखंड. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो म्हणून लोह गुपचूप विरघळून राहतं, वर हवा लागली, समुद्राचं ८ पीएचचं (म्हणजे आंबट नसलेलं, किंचित खारट-सोड्यासारखं अल्कधर्मी) पाणी मिळालं की त्याचा गंज होऊन खाली बसतो. जपानच्या शिकिनेजिमा बेटावरचा जिनाता झरा अन् सॅन्टोरिनीजवळचं पालेया कामेनी, दोन्हीकडे हेच. फिक्या रंगाचे कपडे घालू नका, अन् डाग पडलाच तर ब्लीच टाकू नका, आणखी पक्का होतो.

वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो चांदीवर बसला की सिल्व्हर सल्फाइड होतं, पैंजण तासाभरात काळे पडू शकतात. पैंजण खोलीतच ठेवा. जोडवी काढवत नसतील तर राहू द्या, घरी आल्यावर भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा, कडक तापलेलं पाणी, जोडवी फॉइलला टेकवून ठेवा, काळं निघून जातं अन् चांदीही झिजत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचतो, अन् जास्त झाला तर नाकच काम करणं सोडतं, म्हणजे वास यायचा बंद झाला तर खुश होऊ नका, वर या. दोरी लावलेल्या खड्ड्यात फोटोसाठी उतरायचं नाही म्हणजे नाही.

आता अंधारात निघण्याचं. जिनाताला झऱ्याचं पाणी ८० अंशांच्या घरात असतं, आंघोळीजोगं होतं ते फक्त समुद्र आत येऊन मिसळतो तेव्हा. ओहोटीला भाजतं, पूर्ण भरतीला गार लागतं, मधली वेळ धरावी लागते. अझोर्सच्या फेरारियाला उलटा हिशोब, तिथे ओहोटीलाच कोमट लागतं, भरतीला समुद्र सगळं गार करतो. अन् भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून शेड्यूलमध्ये टाइम छापत नाही, आदल्या रात्री ग्रुपवर टाकतो. "साहेब, पैसे भरले तर नाश्ता करून जाऊ" म्हणणाऱ्यांसाठी समुद्र थांबत नाही, अन् पोहे आम्ही सोबत घेतो.

उतरण्याआधी आमचा माणूस थर्मामीटर टाकेल, ४२ च्या वर असलं तर कोणीच उतरायचं नाही. शुगरमुळे ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना चटका कळत नाही, त्यांनी पायाने अंदाज घेऊ नये. बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा, अन् बुकिंग करतानाच आम्हाला सांगा.