क्लायंट-व्हेंडर संबंध (आउटसोर्सिंग)

परदेशी कंपनी आपले काम बाहेरच्या पुरवठादाराकडे सोपवते तेव्हा दोघांत तयार होणारे सत्तेचे आणि विश्वासाचे नाते. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात, ऐरोली, घणसोली, महापे या भागांत कारखान्यांच्या शेजारी आयटी पार्क उभे राहिले. तिथे परदेशी ग्राहकाला ‘क्लायंट’ आणि पुरवठादाराला ‘व्हेंडर’ म्हणतात. पारडे कुणाकडे झुकले आहे ते घड्याळावरूनही कळते. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे इथले उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०, बैठक बहुधा तेव्हाच लागते.

करार सहसा दोन थरांचा असतो. मुख्य करारात (एमएसए) दायित्व, गोपनीयता, न्यायक्षेत्र. कामाच्या तपशिलात (एसओडब्ल्यू) कामाची व्याप्ती, माणसे, दर. नवखा व्हेंडर दरावर घासाघीस करतो आणि पैसे मात्र इतर कलमांत गमावतो.

त्यातले पहिले कलम देयकाचे. ‘६० दिवस’ वाचायला सोपे वाटते. पण जानेवारीच्या कामाची टाइमशीट (कामाच्या तासांची नोंद) मंजूर होऊन बिल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाते आणि पैसे एप्रिलमध्ये येतात. तोवर तीन पगार व्हेंडरच्या खिशातून गेलेले असतात. दुसरे, कारण न देता करार संपवण्याचा हक्क. क्लायंट ३० दिवसांच्या नोटिशीवर निघून जाऊ शकतो, तर व्हेंडरच्या कर्मचाऱ्यांचा नोटीस कालावधी अनेकदा ९० दिवसांचा असतो. मधला बेंचचा, म्हणजे काम नसताना बसून असलेल्या माणसांच्या पगाराचा खर्च कुणी भरत नाही.

सर्वांत फसवा भाग एसएलएचा, म्हणजे सेवा किती चांगली आणि किती वेळेत द्यायची याच्या हमीचा. महिन्याला ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांत यंत्रणा फक्त ४३ मिनिटे बंद. ‘९८ टक्के तिकिटे (नोंदवलेल्या तक्रारी) वेळेत’ ही अट मोठ्या कामात रास्त आहे; पण महिन्याला ४० तिकिटेच येत असतील तर एक चुकले की ९७.५ टक्के, म्हणजे दंड. किमान संख्येची अट घातली नाही तर हे ठरलेलेच. क्लायंटने स्वतःच्या उत्तरासाठी लावलेला वेळ घड्याळातून वगळायचा की नाही, हेही लिहूनच घ्यावे लागते.

विश्वास तपासला जातो तो एकाच बाजूचा. माहितीच्या सुरक्षिततेचे आयएसओ २७००१ प्रमाणपत्र तीन वर्षांचे, मध्ये दरवर्षी तपासणी. सॉक २ या लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या पहिल्या प्रकारात नियंत्रणे एका दिवशी कशी आखली आहेत ते पाहतात, दुसऱ्यात काही महिने ती प्रत्यक्ष पाळली का ते. काही कामांत तर फ्लोअरवर मोबाइल, कागद, पेन यांनाही मज्जाव. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर घरून काम सुरू करायलाही अनेक व्हेंडरना आधी क्लायंटची परवानगी मागावी लागली, कारण करारात कामाची जागा ठरलेली होती. क्लायंटची पत मात्र फारसे कुणी तपासत नाही.

तरीही सत्ता कायम एका बाजूला राहत नाही. काम हस्तांतरित होताना (केटी) व्हेंडरची माणसे आधी शेजारी बसून पाहतात, मग करून दाखवतात. दोनेक वर्षांत क्लायंटकडचे जाणकार निघून जातात आणि यंत्रणेच्या खाचाखोचा फक्त ऐरोलीतल्या टीमला ठाऊक राहतात. म्हणून शहाणे क्लायंट कार्यपुस्तिका दर तिमाहीला अद्ययावत मागतात आणि महत्त्वाची माणसे परस्पर बदलू देत नाहीत.

पैसे अडकले तर? सूक्ष्म व लघुउद्योगांना थकीत बिलासाठी २००६च्या एमएसएमई विकास कायद्याखाली तंटे सोडवणाऱ्या परिषदेकडे जाता येते, पण खरेदीदार भारतातला हवा. अमेरिकन न्यायालयाचा निकाल भारतात थेट बजावता येत नाही. १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे परदेशी लवादाचा निवाडा बजावता येतो. म्हणून करारात लवाद असतो, बहुतेक वेळा सिंगापूर किंवा लंडनचा, आणि छोट्या बिलासाठी तिथला खर्च परवडत नाही. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा खरेदीदाराच्या दिवाळखोरीत कामी येतो. क्लायंटने दर्जाबद्दल वाद काढला की दावा अडतो. हातात उरते ते काम थांबवणे, पण करारात तशी तरतूद नसेल तर तोच करारभंग ठरू शकतो. त्यामुळे मुरलेले व्हेंडर थकबाकी किती दिवसांची झाली आणि किती दिवसांची नोटीस दिली की काम थांबवता येईल, हे सहीआधीच लिहून घेतात.