लाल रेघ गुल्बेंकियनने मारली नव्हती

31 जुलै 1928, बेल्जियममधलं ऑस्टेंड. टर्किश पेट्रोलियम कंपनीतले भागीदार, म्हणजे बड्या तेल कंपन्या, जुन्या ऑटोमन साम्राज्यातल्या तेलासाठी 'लाल रेघ' करार करत होते. ऑटोमन साम्राज्य नेमकं कुठवर होतं हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा कंपनीत पाच टक्के वाटा असलेल्या 'मिस्टर पाच टक्के' कॅलूस्ट गुल्बेंकियनने लाल पेन्सिलीने नकाशावर रेघ ओढली आणि विषय संपवला, म्हणे! किस्सा झकास आहे, पण टिकत नाही. ही हद्द ब्रिटिश आणि फ्रेंच परराष्ट्र खात्यांच्या नकाशांवरून काही महिने आधीच ठरली होती. भागीदारांनी त्या हद्दीत परस्पर तेल शोधायचं नाही, या अटीचं मूळही याच कंपनीच्या 1914 च्या करारात आहे.

खरी गंमत रेघेच्या परिणामांत आहे. कुवेत बाहेर राहिलं, बहरीन आत गेलं. अमेरिकेची गल्फ ऑइल करारात असल्याने तिचे हात बांधले गेले, आणि बहरीनमधला तेल शोधण्याचा हक्क तिने कराराबाहेरच्या स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाला विकला. बहरीन ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली, म्हणून लंडनचा हट्ट असा की कंपनी ब्रिटिशच हवी. मग अमेरिकनांनी 'बापको' (बहरीन पेट्रोलियम कंपनी) ब्रिटिश साम्राज्यातल्या कॅनडात नोंदवली. झाली कागदोपत्री ब्रिटिश! 1932 मध्ये बहरीनच्या जबल दुखानला तेल लागलं. कुवेतमध्ये मात्र गल्फला आडकाठी नव्हती. 1934 मध्ये तिथला हक्क तिने अँग्लो-पर्शियन या ब्रिटिश तेल कंपनीसोबत निम्मा-निम्मा घेतला.