फुल फ्रेम घ्यायचा विचार आहे? आधी बिघडलेले दहा फोटो घेऊन या

लग्नसराई उरकली, अल्बमची बिलं वसूल झाली, की आमच्या काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो: "आता फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेऊ का?" कॅमेरे विकणं हाच आमचा धंदा, त्यामुळे 'घ्या' म्हणायला आमचं काहीच जात नाही. पण घेतलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) सहा महिन्यांत खोक्यासकट परत विकायला आणणारे लोकही आम्हीच पाहतो, आणि तेव्हा त्यांच्या हाती काय पडतं तेही आम्हाला माहीत आहे. म्हणून हे पत्रक. लग्न, मुंज, बारसं, यात्रा यांच्या ऑर्डरी करणाऱ्यांसाठी.

सेन्सरचा हिशेब

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या ३५ एमएम रोलच्या फ्रेमएवढा. कॅनन ८०डी, निकॉन डी७२०० यांसारख्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीतला सेन्सर क्षेत्रफळानं त्याच्या निम्माही भरत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) तेच ठेवलं तर मोठ्या सेन्सरवर सव्वादोन ते अडीच पट प्रकाश जमतो. म्हणजे एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) आणि वर थोडा. क्रॉपवर ३२०० आयएसओला (प्रकाश कमी असला की वाढवायची संवेदनशीलता) जेवढा नॉइज (फोटोतले दाणे) दिसायचा, तेवढा इथे साधारण ६४०० ते ८०००ला दिसेल.

आता दुसरा हिशेब बघा. बॉडीबरोबर आलेली १८-५५ लेन्स ५५च्या टोकाला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तेवढं भोक मोठं). तिथे ५० एमएम एफ १.८ लावली तर प्रकाश साडेनऊ पट होतो, तीन स्टॉपहून जास्त. ही लेन्स बॉडीच्या किमतीच्या एका कोपऱ्यात बसते. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या, अंधूक दिव्यांत फोटो खराब येतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना आम्ही आधी ही लेन्स दाखवतो. काहीजण नाराज होतात. मोठं काहीतरी घ्यायच्या तयारीनं आलेले असतात ना.

स्टेजवरच्या ग्रुप फोटोची गोष्ट आणखी वेगळी. पुढे करवल्या, मागे मामा-काका, सगळ्यांचे चेहरे शार्प हवेत. क्रॉपवर एफ ५.६ला जे साधतं, त्यासाठी त्याच जागेवरून तेवढीच फ्रेम फुल फ्रेमवर घेताना एफ ८च्या पुढे जावं लागतं. अ‍ॅपर्चर मिटलं की आयएसओ चढवावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरनं दिलेला एक स्टॉप तिथेच खर्च होतो. ग्रुप फोटोला पैसे घालायचे असतील तर फ्लॅश आणि त्याचा प्रकाश पसरवणाऱ्या छत्रीत घाला.

मग फायदा कुठे?

हळदीला. दहा बाय दहाची खोली, त्यात वीस बायका, आणि तुमची पाठ भिंतीला टेकलेली. क्रॉपवर ५० एमएम म्हणजे ७५-८०ची नजर. नवरीचा चेहरा भरतो, पण हळद लावणारे हात फ्रेमबाहेर जातात. फुल फ्रेमवर तीच लेन्स खरी ५० होते आणि ३५ एफ १.८ला अख्खी खोली मोकळी होते. अंतरपाट सरकतो त्या क्षणाचा एकट्या नवरीचा क्लोजअप, मागचं सगळं विरघळलेलं, हेही फुल फ्रेमचंच काम.

फोकसची गंमत मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या डीएसएलआरवरून (आत आरसा असलेला कॅमेरा) नव्या मिररलेसवर (आरसा नसलेला) गेलेला माणूस पहिल्याच दिवशी खूश होतो तो डोळा ओळखून धरणाऱ्या फोकसमुळे, आणि श्रेय देतो सेन्सरला. तो फोकस कॅनन आर७ किंवा सोनी ए६७०० यांसारख्या क्रॉप मिररलेसमध्येही मिळतो. आर७मध्ये तर कार्डाचे दोन स्लॉट आहेत. ८०डीत एकच आहे, आणि लग्नाचं एकुलतं एक कार्ड उडालं तर काय होतं ते आम्ही इथे लिहीत नाही.

अल्बमसाठी जास्त मेगापिक्सेल लागतात, हाही गैरसमज. करिझ्मा अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायला १९-२० मेगापिक्सेल लागतात. तुमचा २४चा कॅमेरा तिथे पुरून उरतो. ४५चा घेतलात तर कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्कही बदलायची तयारी ठेवा.

बॉडीच्या मागून येणारा खर्च

तुमच्या कॅननच्या ईएफ-एस (फक्त क्रॉपसाठीच्या) लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. अ‍ॅडॉप्टरनं कॅननच्या फुल फ्रेम मिररलेस आर६वर बसतात, पण कॅमेरा स्वतःच फ्रेम कापतो आणि २० मेगापिक्सेलचे आठसुद्धा उरत नाहीत. ईएफ (फुल फ्रेमच्या) लेन्स असतील तर काळजी नाही, अ‍ॅडॉप्टरवर छान चालतात. निकॉनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: जुन्या एएफ-डी लेन्स झेड (मिररलेस) बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडॉप्टरनं लागतात, मात्र लेन्समध्येही आणि त्या जोडणीतही मोटर नसल्यानं फोकस हातानं करावा लागतो. दिलासा एवढाच, की ८०डीच्या बॅटऱ्या आर६ आणि आर७मध्येही चालतात.

आणि वहीत मांडून बघा. समजा, बॉडी, लेन्स, कार्ड धरून तीन लाख गेले आणि तुम्ही दर ऑर्डरमागे पाच हजार वाढवून घेऊ शकलात, तर साठ ऑर्डरींनंतर पैसे वसूल. दर वाढवता येणार नसेल, तर ही खरेदी हौसेची. हौसेला आमची ना नाही, फक्त तिचा हप्ता धंद्यावर टाकू नका.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणाऱ्यांसाठी थोडं. गुलालात लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये पुढे आरसा नसतो, लेन्स काढली की बऱ्याच बॉडींत सेन्सर उघडाच. दरवर्षी यात्रेनंतरच्या आठवड्यात गुलाबी सेन्सर साफ करायला येतात, त्यांत महागातले जास्त.

घ्यायचंच ठरलं तर आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात घ्या. मुहूर्त नसतात, मेनू आणि बटणं हातात बसायला वेळ मिळतो. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नवी बॉडी नेणाऱ्याला आम्ही शक्यतो भाड्यानंच देतो. एका कार्यक्रमापुरती भाड्यानं नेऊन बघा. महिन्याभरात तीच बॉडी आमच्याकडून घेतलीत तर भाडं बिलातून वजा होईल.

येताना जुनी बॉडी, सगळ्या लेन्स आणि गेल्या हंगामातले बिघडलेले दहा फोटो आणा. एडिट केलेले नकोत, कार्डातले मूळ हवेत. ते उघडले की शटर, आयएसओ, अ‍ॅपर्चर सगळं दिसतं, आणि दोष लेन्सचा, दिव्याचा, हाताचा की खरंच बॉडीचा, हे अर्ध्या तासात कळतं. याचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.