पार्श्वभूमी : जाकोब दो बांदोलिम यांनी नोकरी का सोडली नाही

ब्राझीलमध्ये आज कोणीही शोरो या तिथल्या जुन्या वाद्यसंगीतप्रकारासाठी मँडोलिन हाती घेतलं की पहिल्या काही धड्यांतच जाकोब दो बांदोलिम यांच्या रचना समोर येतात. ‘दोसे दे कोको’, ‘नोइतेस कारिओकास’, ‘आसान्यादो’ वाजवता आल्याशिवाय मैफलीत बसायला संकोच वाटतो. या रचना करणारा माणूस मात्र पोटासाठी रिओ दि जानेरोच्या न्यायखात्यात लेखनिक होता.

जन्म 1918 चा, रिओचाच. लहानपणी आईने व्हायोलिन आणून दिलं. गज काही जमेना, तेव्हा मुलगा केसांच्या पिनेने तारा छेडू लागला आणि तारा तुटू लागल्या. याला व्हायोलिन नको, मँडोलिन हवं, हे घरच्यांच्या ओळखीतल्या कोणीतरी ओळखलं. 1934 मध्ये रेडिओवरची स्पर्धा जिंकल्यावर कार्यक्रम मिळू लागले, पण त्यात घर चालत नव्हतं. फिरता विक्रेता म्हणूनही त्यांनी काम केलं. लग्नानंतर एका ज्येष्ठ सांबा संगीतकाराच्या सल्ल्याने स्पर्धापरीक्षा दिली आणि सरकारी नोकरी धरली. ती अखेरपर्यंत सोडली नाही.

वाद आहे तो या नोकरीचाच. पूर्णवेळ वादक झाले असते तर दौरे झाले असते, परदेशात नाव झालं असतं, असं म्हणणारे आजही भेटतात. काही जण तर त्यांना ‘हौशी’ म्हणून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही. त्या काळी रेडिओ केंद्राच्या पगारावरचे वादक दिवसभर येईल त्या गायकाला साथ करत; ऐनवेळी सूर बदला, कार्यक्रमातली रिकामी मिनिटं भरा, हेच त्यांचं काम. नोकरी लागल्यावर जाकोबना पोटासाठी हे करावं लागलं नाही. 1947 मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हाही कंपनीवर त्यांची चूल अवलंबून नव्हती. म्हणून नको त्या रचनेला ‘नाही’ म्हणता आलं, एकेक स्वर घासूनपुसून घेता आला, जुन्या शोरोंच्या हस्तलिखित स्वरलिपी वर्षानुवर्षं जमवता आल्या. रिओच्या जाकारेपाग्वा भागातल्या घरी त्यांच्या बैठका होत आणि तिथे वादन चालू असताना कोणी कुजबुजलेलंही त्यांना खपत नसे. ही शिस्त ज्यांना जाचक वाटते त्यांनी जाकोबची 1967 ची ‘विब्रासोंइस’ ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. साततारी गिटारचे खर्जातले उतार, कावाकीन्यो या चार तारांच्या छोट्या गिटारीचा ठेका आणि त्यावर मँडोलिनचा तो थरथरता, लांबवलेला स्वर: एवढी एकजीव साथसंगत सवडीच्या तालमींशिवाय होत नाही.

नोकरीमुळे झेप आखूड पडली म्हणावं, तर ‘रेत्रातोस’चं काय? शोरोच्या चार पूर्वसूरींची व्यक्तिचित्रं असावीत तशी ही चार भागांची रचना एका रेडिओ संगीतकाराने खास जाकोबसाठी, तंतुवाद्यवृंद आणि शोरोचा साथीचा ताफा धरून लिहिली. जाकोबनी ती कसून तयार केली आणि 1964 मध्ये ती मुद्रित झाली. फेब्रुवारी 1968 मध्ये एका नामवंत गायिकेबरोबर आणि बोसा नोव्हा या तेव्हाच्या नव्या संगीताच्या एका त्रिकुटाबरोबर ते एकाच मंचावर बसले. नव्या संगीतावर कडक टीका करणारे म्हणून ते ओळखले जात, त्यामुळे ही मैफल महत्त्वाची.

ऑगस्ट 1969 मध्ये, आपल्या आराध्य संगीतकाराला भेटून घरी परतताच हृदयविकाराने ते गेले. वय अवघं 51. त्यांचा संग्रह पुढे रिओतल्या एका संग्रहालयाकडे गेला आणि नंतरच्या पिढ्यांना जुना शोरो अभ्यासायला मिळाला तो बराचसा त्यातून.

सत्तरच्या दशकाअखेर दुसऱ्या एका मँडोलिनवादकाच्या आग्रहाने ‘रेत्रातोस’ छोट्या शोरो संचासाठी नव्याने बांधली गेली. तरुण वादक त्यामुळे पुन्हा या वाद्याकडे वळले. 2000 च्या सुमारास एका नव्या वादकाने चार जोड्यांच्या मँडोलिनला खर्जाची पाचवी जोडी लावून घेतली. मग सूर, स्वरसंघ आणि ठेका हे सगळं एकट्याला पेलता येऊ लागलं. तो जॅझ महोत्सव गाजवतो, जगभर फिरतो. 2024 मध्ये शोरोला ब्राझीलच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा अधिकृत दर्जाही मिळाला. तरी दहा तारांवर वाजणाऱ्या कार्यक्रमांतही जाकोबच्या रचना असतातच.