जेट बोटीच्या तळाची फेररचना

जेट बोटीच्या तळाची फेररचना : पाण्याच्या झोतावर चालणाऱ्या बोटीचा वेग आणि वळणावरची पकड सुधारण्यासाठी तिच्या बुडात केलेले फेरफार. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, पंपातले चक्र ते पिछाडीच्या नळीतून जोराने मागे फेकते आणि बोट पुढे सरकते. नळीचे तोंड डावी-उजवीकडे वळवले की बोट वळते. वेगळे सुकाणू नसते. तळाचा आकार बिघडला तर पंपाला पाणी नीट मिळत नाही, मग इंजिन कितीही ताकदीचे असो.

हे तंत्र रूढ केले ते न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी, १९५० च्या दशकात. तिथल्या गोट्यांच्या उथळ नद्यांत पंखा टिकत नसे. त्यांच्या सुरुवातीच्या बोटीत झोत तळाखालून सुटत होता आणि वेग बेताचाच होता. नळी पाण्याच्या पातळीच्या वर आणल्यावर तो चांगलाच वाढला. १९६० मध्ये त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध ग्रँड कॅन्यन चढून गेल्या.

गोव्यात अशा बोटीचा उपयोग उघड आहे. मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांत भरती-ओहोटी आत खोलवर पोचते आणि ओहोटीला वाळूचे दांडे वर येतात. कासवे अंडी घालायला येतात त्या मोरजीसारख्या किनाऱ्याजवळ उघडा पंखा नसणे केव्हाही बरे. पण अडचण अशी की नदीतली बोट आणि समुद्रातली बोट यांच्या गरजा एक नाहीत. तळाच्या 'व्ही'चा कोन दहा-बारा अंश असेल तर बोट थोड्या ताकदीत पाण्यावर उचलली जाते, मात्र मांडवीच्या मुखावरच्या आग्वाद किल्ल्याबाहेरच्या लाटांवर आपटून प्रवाशांच्या कमरेचे टाके ढिले करते. वीस अंशांपुढचा तळ लाट कापतो, पण त्याला ताकद जास्त लागते आणि बोट पाण्यात खोल बसते. फेररचनेने हा मूळ कोन बदलता येत नाही. तो बोट घेतानाच ठरवायचा असतो.

बदलता येतो तो मागचा भाग, आणि सर्वाधिक फायदाही तिथेच. बोट वेगात असताना तिचा भार पिछाडीकडच्या थोड्याशा तळावरच असतो. बोट उलटी करून किंवा उंच ठेवून शेवटच्या दीड मीटरवर लोखंडी सरळ पट्टी लांबीच्या दिशेने धरावी आणि पलीकडे विजेरी लावावी. मधून उजेड दिसला तर तळ तिथे आत गेलेला आहे. कारागीर याला 'हुक' म्हणतात. असा तळ पिछाडी उचलतो आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली दाबतो. भिजणारा भाग वाढून वेग पडतो, वळणावर नाळ पाणी धरते आणि पिछाडी बाहेर फेकली जाते. उलट पट्टी मध्येच टेकून दोन्ही टोकांना डोलली तर तो फुगवटा, म्हणजे 'रॉकर'. त्याने नाळ वर उठते आणि बोट बेडकासारखी उड्या मारू लागते. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही वेगात जाणवतो.

हुक बऱ्याचदा बोट ठेवण्याच्या पद्धतीने येतो. पावसाळ्यात बोटी वर ओढून ओंडक्यांवर ठेवल्या जातात. मागचा ओंडका पिछाडीच्या कडेपर्यंत पोचला नाही, तर इंजिनाच्या वजनाने कड खाली लोंबते आणि टेकलेली जागा आत दबते. खोलगट भागात फायबरची मॅट आणि रेझिन भरून घासून सपाटी आणतात. फुगवटा घासताना मात्र आवर हवा. मूळ थर किती जाड आहे हे पाहिल्याशिवाय ग्राइंडर चालवणे धोक्याचे.

इथे ऋतूचीही गंमत आहे. पर्यटनाचा हंगाम संपल्यावरच बोट रिकामी होते, म्हणजे नेमकी जून ते सप्टेंबर, जेव्हा हवा इतकी दमट असते की पॉलिएस्टर रेझिन धड सुकत नाही आणि थर पुढे सुटू शकतो. बंद शेडमध्ये दिवे लावून, तळ पूर्ण कोरडा करूनच काम करावे. नाहीतर पाऊस ओसरेपर्यंत थांबावे.

दुसरा शत्रू हवा. पंपाच्या तोंडापुढे तळावर उभी पट्टी, खोली मोजण्याच्या यंत्राचा सेन्सर किंवा नळाचे तोंड असले, की त्यामागून बुडबुडे पंपात शिरतात. इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि बोट मात्र मागे रेटल्यासारखी होते. म्हणून तळावरच्या लांब पट्ट्यांपैकी मधल्या पट्ट्या पंपाच्या बऱ्याच आधी संपवतात आणि तोंडापुढे त्रिकोणी सपाट पट्टा ठेवतात. बाजूच्या पट्ट्या मागे पिछाडीकडे नेल्या तरी चालतात.

तळाच्या कडा धारदार असाव्यात. बोथट चोचीच्या किटलीतून चहा ओतताना जसा तो खाली ओघळतो, तसेच पाणी बोथट कडेला चिकटून मागे ओढत राहते. जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, देताना कडा गोल करण्याची हौस अनेकांना असते. दिसायला छान, वेगाला मारक.

वळणावर बोट आडवी घसरते, कारण पाण्यात उभे पाते कुठेच नसते. पिछाडीला पंपाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना छोटे पंख बसवले की पकड येते, पण तेवढेच उथळ पाण्यात जाण्याचे स्वातंत्र्य कमी होते. रेस सोडली, म्हणजे इंजिनाचा वेग उतरवला, की झोत थांबतो आणि वळणशक्तीही जवळपास जाते. हा दोष या पंखांनी फारसा हटत नाही, हे नव्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, आधीच सांगावे. उड्या थांबवण्यासाठी तळ कापण्याआधी बॅटरी आणि इंधनटाकी पुढे सरकवून पाहावी; कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

गोव्यात बोटींची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे असते. मोठा फेरफार करण्यापूर्वी तिथे विचारणे शहाणपणाचे. चाचणी एकाच मार्गावर दोन्ही दिशांनी घ्यावी, म्हणजे प्रवाहाचा परिणाम वजा होतो. इंधन आणि माणसे प्रत्येक वेळी तितकीच असावीत. मांडवीत रायबंदरच्या बाजूचा पट्टा सोयीचा, फेरीबोटींची वाट सोडून. वेळ सकाळची. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि पाणी खवळले की त्या दिवसाचे आकडे टाकून द्यावे लागतात.