आरसा उचकटू नका, कापा

अकरा महिन्यांचा करार संपत आला की मुंबईतल्या भाडेकरूला आधी डिपॉझिट आठवतं आणि मग बेसिनवर स्वतःच्या खर्चाने लावलेला आरसा. तो क्लिपांवर किंवा स्क्रूवर असेल तर काम सोपं. पण हल्ली सुतार मागे सिलिकॉनचे गोळे देऊन आरसा सरळ भिंतीवर दाबून बसवतात. मग तो काढताना हात पटाशीकडे जातो, आणि नुकसान तिथेच होतं.

काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र नाही. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 मध्ये याचं कारण दाखवलं: काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. कापलेल्या कडेला तर अशा चिरा जास्तच. पटाशीने कड उचलली की काच वाकते, तिच्या एका बाजूवर ताण येतो आणि चीर धावत सुटते. नाहीच फुटली, तरी सगळ्यात कच्चा थर सुटतो. कधी भिंतीची पुट्टी, कधी पीओपी, तर कधी आरशामागचा रंग आणि त्यासोबत चांदीसुद्धा. हा चांदीचा थर जेमतेम मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो.

सिलिकॉनचा सगळा गोळा एकदम ओढून तोडायला प्रचंड जोर लागतो. तोच जोर एका बारीक रेषेवर आणला तर काम थोडक्यात होतं. उकडलेलं अंडं दोऱ्याने कापतात तसं. गिटारची पोलादी तार घ्या, दोन्ही टोकांना लाकडी दांडके बांधा, ती आरसा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत घाला आणि दोघांनी मिळून वरून खाली करवतीसारखी ओढा. त्याआधी काचेवर आडवी-उभी चिकटपट्टी लावा, म्हणजे फुटलीच तर तुकडे उडणार नाहीत. हातमोजे, चष्मा हवाच. खाली लाकडाचा टेकू हवा आणि आरसा धरायला तिसरा माणूस: चार बाय दोन फुटांचा, 5 मिलिमीटर जाडीचा आरसा 9 किलोंच्या वर भरतो. तार आत शिरण्याइतकी फटच नसेल, तर काचवाल्याला बोलवा.

हेअर ड्रायरचा सल्ला सगळेच देतात. डबल टेप किंवा रबरी गोंद असेल तर तो लागू पडतो, पण सिलिकॉन 150 अंश सेल्सिअसलाही टिकून राहतं. उलट एकाच जागी गरम झालेली काच असमान फुगून तडकू शकते.

सुटलेला आरसा उभाच न्या. आडवा धरला की स्वतःच्याच वजनाने वाकतो.

नव्या घरात तो परत चिकटवताना सिलिकॉनच्या ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं आहे ना, ते पाहा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि ते मागच्या थरांना खातं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेने आरशांच्या कडा तशाही काळ्या पडतात. त्यात ही भर कशाला?