इच्छा सोडायची, मग ध्येय कसं ठेवायचं?

तृष्णा हे दुःखाचं मूळ मानणाऱ्या बौद्ध परंपरेत वैयक्तिक ध्येयाला जागा आहे का? ही शंका आजची वाटते, पण पाली सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या काळचे उपदेश व संवाद जपणाऱ्या ग्रंथांमध्ये, ती थेट विचारलेली आहे.

कोसंबीच्या घोषिताराम विहारात उन्नाभ नावाचा ब्राह्मण बुद्धांचे शिष्य आनंद यांना भेटतो. छंद, म्हणजे काही करण्याची इच्छा, सुटावी म्हणून ही साधना, असं आनंद सांगतात. त्यासाठीचा मार्ग म्हणून ते चार इद्धिपाद, म्हणजे सिद्धीचे आधार, सांगतात: छंद, वीर्य (म्हणजे प्रयत्न), चित्त आणि वीमंसा, म्हणजे पारख. उन्नाभ लगेच अडवतो: इच्छेनेच इच्छा सोडायची, तर याला अंत कुठे? आनंद त्यालाच विचारतात, इथे यावं अशी इच्छा तुला आधी होती ना? आणि आल्यावर ती शमली ना? संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहातला हा संवाद मला या विषयाचा खरा पाया वाटतो. ध्येयापाशी पोहोचल्यावर शांत होणारी इच्छा वेगळी आणि मिळेल तितकं कमीच वाटणारी तृष्णा वेगळी. विसाव्या शतकात थायलंडचे भिक्खू प. अ. पयुत्तो यांनी हाच भेद अर्थव्यवहाराच्या चर्चेत ठळकपणे मांडला.

प्रयत्न किती करावा, याचं उत्तर सोण या भिक्खूच्या कथेत आहे. सुखात वाढलेला हा तरुण पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण, म्हणजे चालत करायचं ध्यान, करत राहिला, तरी मन मोकळं होईना. घरी परतावं, असं त्याच्या मनात आलं. तो पूर्वी वीणा वाजवायचा, म्हणून बुद्धांनी त्याला तारांचीच आठवण करून दिली: अति ताणलेली तार सुरात लागत नाही, सैल तारही नाही. आळसावर बोट ठेवणारे उपदेशक पुष्कळ भेटतात. अति खटपटीने थकलेल्याला असं समजून घेणारे विरळा.

भिक्खूंपुरताच हा विचार राहिला नाही. संसारात रमलेल्या कोलिय कुळातल्या दीघजाणूने आमच्यासारख्यांना उपयोगी पडेल असं काही सांगा, अशी विनंती केली. बुद्धांनी उद्योगशीलता, मिळवलेल्याचं रक्षण, चांगल्यांची संगत आणि मिळकतीच्या बेताने जगणं या चार गोष्टी सांगितल्या. पुढे त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांची जोड दिली.

ध्यान गृहस्थांमध्ये मोठ्या प्रमाणावर पसरलं ते मात्र बरंच नंतर. ब्रह्मदेशात लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्खूंनी त्याला मोठी चालना दिली. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी सजगतेवर आधारित उपक्रम सुरू केला, आणि त्यानंतर ही साधना दवाखान्यांतून कार्यालयांपर्यंत गेली. या प्रवासात एकाग्रता टिकली, पण शील बऱ्याचदा मागे पडलं. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण अष्टांगिक मार्गात सम्यक संकल्प (योग्य हेतू) सम्यक व्यायामाच्या (योग्य प्रयत्नाच्या) आधी येतो: कोणाला दुखवण्याची वा ओरबाडण्याची वासना हेतूत आहे का, हे तिथे प्रयत्नाला लागण्याआधीच तपासलं जातं.